लीलावतीकार भास्कराचार्य

सह्याद्रीच्या पूर्वेकडील पठारावर पाऊस चारच महिने पडतो. उरलेले आठ महिने मनुष्याला पाणी साठवून तरी ठेवावे लागते, नाही तर जमिनीच्या पोटातून वर काढावे लागते. म्हणून विहिरी, वापी आणि तळी खणण्याचे काम या प्रदेशात फार प्राचीन काळापासून चालत आले आहे. खणून घेणारा एक असतो आणि खणणारे दुसरेच असतात. काम पुरे झाल्यावर नेमकी किती माती निघाली, हा प्रश्न दोघांच्याही जिव्हाळ्याचा असतो. कारण मजुरी त्यावरच ठरावयाची असते. भिंत बांधणाऱ्या गवंड्याला किती विटा लागतील हे आधी कळावे लागते, आणि खळ्यातील धान्याची रास किती भरेल हे शेतकऱ्याला व राजाच्या अधिकाऱ्याला सारखेच जाणून घ्यावे लागते. मापात चूक झाली की कोणाचा तरी घाम फुकट जातो. लोकव्यवहारातील अशा प्रश्नांना निश्चित नियमांची शिस्त लावणारा एक महापंडित बाराव्या शतकात याच सह्याद्रीच्या परिसरात होऊन गेला. त्याची दृष्टी आकाशातील ग्रहगोलांवर खिळलेली होती. तरीही जमिनीवरच्या खड्ड्याचे माप घेणे त्याला कमीपणाचे वाटले नाही. त्या थोर गणितज्ञाचे नाव भास्कराचार्य.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. आपला जन्मशक आणि आपले गाव यांची नोंद त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात करून ठेवली आहे. सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेल्या विज्जडविड नावाच्या नगरात ते राहत असत. त्यांचे घराणे शांडिल्य गोत्राचे असून त्यात विद्येची परंपरा अनेक पिढ्या चालत आली होती. पिता महेश्वर हे स्वतः नामांकित ज्योतिषी होते आणि तेच भास्कराचार्यांचे गुरू झाले. घरातच गुरू, घरातच ग्रंथ आणि घरातच विद्यार्थ्यांचा राबता, अशा वातावरणात त्यांचे बालपण गेले. पाटीवर धूळ पसरून त्यात बोटाने अथवा काडीने अंक लिहावयाचे, उदाहरण सुटले की ते पुसून दुसरे मांडावयाचे, अशी त्या काळी गणित शिकण्याची रीत होती. त्यावरूनच अंकगणिताला पाटीगणित हे नाव मिळाले.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणी हा आपला महान ग्रंथ पुरा केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग मानले जातात. पहिल्या भागात अंकगणित व मोजमाप, दुसऱ्यात अव्यक्त राशींचे गणित, तिसऱ्यात ग्रहांच्या गती आणि चौथ्यात पृथ्वी व आकाश यांच्या गोलांचा विचार आहे. सारा ग्रंथ पद्यात रचलेला आहे. छापखाना नसलेल्या त्या काळात पोथी मिळणे दुर्लभ असे. परंतु एकदा पाठ केलेला श्लोक विद्यार्थ्याला जन्मभर साथ देई.

लीलावती हे नाव कसे पडले, याविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. लीलावती ही आचार्यांची कन्या होती. तिच्या विवाहाचा शुभ मुहूर्त साधण्यासाठी त्यांनी पाण्यात घटिकापात्र ठेवले. पण पात्रात वाकून पाहताना तिच्या अलंकारातील एक मोती निसटून पात्राच्या छिद्रात अडकला. पाणी आत शिरेना, पात्र बुडेना आणि मुहूर्त टळून गेला. मग कन्येचे दुःख हलके करण्यासाठी आचार्यांनी तिच्या नावाने ग्रंथ लिहिला, असे सांगतात. ही कथा मनोरम असली तरी ग्रंथात तिला आधार नाही. ग्रंथातून दिसते ते एवढेच, की आचार्य आपली उदाहरणे कधी लीलावतीला, कधी मित्राला, तर कधी गणक म्हणवणाऱ्याला उद्देशून घालतात. शिकवणारा आणि शिकणारा जवळ बसून बोलत आहेत असेच वाचणाऱ्याला वाटते.

घनफळाचा विचार लीलावतीत ओळीने आलेल्या चार प्रकरणांत केलेला आहे. खणलेल्या खड्ड्यांचा तो खातव्यवहार, विटांच्या अथवा दगडांच्या रचनेचा तो चितिव्यवहार, लाकूड करवतीने कापण्याचा तो क्रकचव्यवहार आणि धान्याच्या ढिगांचा तो राशिव्यवहार. मापाचे एकक हस्त हे होते. चोवीस अंगुळांचा एक हस्त. एक हस्त लांब, एक हस्त रुंद आणि एक हस्त उंच अशा बारा कडांच्या ठोकळ्याला आचार्य घनहस्त म्हणतात. खड्ड्याचे घनफळ काढावयाचे म्हणजे त्यात असे किती ठोकळे मावतील हे सांगावयाचे. तळाचे क्षेत्रफळ काढले म्हणजे एका थरात किती ठोकळे बसतात ते कळते. त्याला खोलीने गुणले म्हणजे सर्व थरांतील ठोकळे मिळतात. सर्व प्रकारच्या चितींच्या घनफळाचे मूळ या एका साध्या विचारात आहे.

परंतु पुस्तकातील खड्डा आणि प्रत्यक्षातील खड्डा यांत अंतर असते. जमीन खडकाळ असली की बाजू वाकड्या होतात आणि तळ उंचसखल राहतो. आचार्यांनी पहिले उदाहरण घेतले तेच अशा वाकड्या खड्ड्याचे. त्याची लांबी तीन ठिकाणी मोजली तेव्हा ती १०, ११ आणि १२ हस्त भरली. रुंदी ६, ५ आणि ७ हस्त आली. आणि खोली २, ४ आणि ३ हस्त आढळली. आचार्य सांगतात की प्रत्येक मापाची बेरीज करून तिला ठिकाणांच्या संख्येने भागावे. अशा रीतीने लांबी ११, रुंदी ६ आणि खोली ३ हस्त धरली असता घनफळ १९८ घनहस्त येते. अनेक ठिकाणी मोजावे आणि त्यांची सरासरी घ्यावी, हा विवेक त्यांनी विद्यार्थ्याला आरंभीच शिकवला.

मात्र सरासरीने सगळीकडे काम भागत नाही, हेही त्यांना ठाऊक होते. पुढच्या उदाहरणात वरून रुंद आणि खाली निमुळती होत गेलेली एक वापी आहे. तिचे तोंड १२ हस्त लांब व १० हस्त रुंद असून तळ त्याच्या निम्मा, म्हणजे ६ हस्त लांब व ५ हस्त रुंद आहे. खोली ७ हस्त आहे. वरची व खालची मापे घेऊन सरासरी काढली, तर लांबी ९ आणि रुंदी साडेसात हस्त येते व घनफळ चारशे साडेबहात्तर घनहस्त भरते. आचार्यांचा नियम निराळा आहे. तोंडाचे क्षेत्रफळ १२०, तळाचे ३०, आणि दोन्ही लांब्यांची बेरीज १८ व दोन्ही रुंद्यांची बेरीज १५ यांच्यापासून होणारे क्षेत्रफळ २७०. या तिघांची बेरीज ४२०. तिला ६ ने भागले की ७० येतात, आणि खोलीने गुणले की ४९० घनहस्त होतात. हेच खरे घनफळ होय. दोन उत्तरांत साडेसतरा घनहस्तांचा फरक पडला. केवळ सरासरीवर विसंबून मजुरी दिली असती, तर साडेसतरा घनहस्त माती वर काढण्याचे कष्ट खणणाऱ्यांच्या पदरात फुकट गेले असते. गणिताचा सूक्ष्मपणा हा केवळ पंडितांचा छंद नसून त्यात गरिबाचा न्याय सामावलेला असतो, हे या एका वापीवरून दिसून येते.

चितिव्यवहारातील उदाहरणही असेच रोजच्या जीवनातले आहे. वीट १८ अंगुळे लांब, १२ अंगुळे रुंद आणि ३ अंगुळे उंच आहे. अशा विटांची रचना ८ हस्त लांब, ५ हस्त रुंद आणि ३ हस्त उंच केली आहे. तर विटा किती आणि थर किती? रचनेचे घनफळ १२० घनहस्त होते. त्याला एका विटेच्या घनफळाने भागले की विटा २५६० निघतात. उंचीला विटेच्या उंचीने भागले की थर २४ येतात. मजुरीविषयीही आचार्यांनी एक मार्मिक सूचना केली आहे. विटांचे वा दगडांचे बांधकाम, खोदकाम आणि लाकूडकाप यांचे मोल काम करणाऱ्यांच्या संमतीने ठरवावे, आणि वस्तू मऊ आहे की कठीण हे पाहून ते कमीजास्त करावे, असे ते म्हणतात. गणिताने घनफळ सांगावे. परंतु काळी माती खणणे आणि कातळ फोडणे यांचे कष्ट सारखे नसतात, हे माणसाने ओळखावे, असा त्यांचा अभिप्राय दिसतो.

धान्याच्या राशीचे माप तर केवळ दोरीने घेता येते. सपाट जमिनीवर ओतलेले धान्य आपोआप वर टोकदार ढीग धरते. जाड धान्याच्या राशीची उंची तिच्या घेराच्या दहाव्या भागाइतकी, बारीक धान्याची अकराव्या भागाइतकी आणि कुसळाच्या धान्याची नवव्या भागाइतकी धरावी, असे आचार्य सांगतात. घेराच्या सहाव्या भागाचा वर्ग करून त्याला उंचीने गुणले म्हणजे राशीचे घनफळ मिळते. जाड धान्याच्या राशीचा घेर ६० हस्त असेल तर उंची ६ हस्त, साठाचा सहावा भाग १०, त्याचा वर्ग १०० आणि घनफळ ६०० घनहस्त. रास भिंतीला टेकलेली असो, खोलीच्या आतल्या कोपऱ्यात असो किंवा बाहेरच्या कोपऱ्याभोवती असो, प्रत्येकीसाठी त्यांनी वेगळी सोय सांगितली आहे. येथे परिघ व्यासाच्या तिप्पट धरलेला असल्यामुळे उत्तर थोडे स्थूल येते. पण खळ्यातील व्यवहाराला ते पुरेसे असते. कोठे सूक्ष्म गणित हवे आणि कोठे स्थूल चालते, याचे तारतम्य आचार्यांपाशी होते.

शाळेत शिकवल्या जाणाऱ्या भूमितीत चिती आणि सूची हे शब्द येतात. ते दोन्ही शब्द लीलावतीतही आहेत. वरपासून खालपर्यंत सारख्या आकाराच्या खड्ड्याला आचार्य समखात म्हणतात, आणि टोकाकडे निमुळत्या होत गेलेल्या खड्ड्याला सूचीखात म्हणतात. सूचीचे घनफळ त्याच तोंडाच्या व त्याच खोलीच्या समखाताच्या एकतृतीयांश असते, असा त्यांचा नियम आहे. १२ हस्त बाजूचा आणि ९ हस्त खोलीचा चौरस खड्डा १२९६ घनहस्तांचा होतो. तोच खाली टोकदार असेल तर ४३२ घनहस्तांचा होतो. राशीचे घनफळही याच नियमातून निघालेले आहे. आणि हाच एकतृतीयांशाचा नियम हाती धरून आचार्य खड्ड्यापासून थेट गोलाच्या घनफळापर्यंत जाऊन पोहोचले.

गोलाच्या पृष्ठफळाचा प्रश्न त्यांच्यापुढे पृथ्वीचे वर्णन करताना उभा राहिला. त्यांनी पृथ्वीचा परिघ ४९६७ योजने धरला होता आणि तिच्या पृष्ठाचे क्षेत्रफळ त्यांना सांगावयाचे होते. आठव्या शतकातील थोर ज्योतिषी लल्ल यांचा यासंबंधी एक नियम प्रचारात होता. वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणले म्हणजे गोलाचे पृष्ठफळ मिळते, असे लल्ल यांनी सांगितले होते. लल्ल हे साधे नाव नव्हते. त्यांच्या ग्रंथावर स्वतः भास्कराचार्यांनी टीका लिहिली होती. ज्यांच्या ग्रंथाचे विवरण करावयाचे, त्यांच्याच नियमाला चुकीचे म्हणावयाचे, हा प्रसंग कठीण होता. पूर्वाचार्यांचा शब्द प्रमाण मानून गप्प राहणे सोपे होते; परंतु मग पृथ्वीचे माप चुकीचे सांगावे लागले असते, आणि ती चूक शिष्यांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी पाठ केली असती.

आचार्यांनी येथे शब्दांचा वाद न घालता एक वस्त्राचा तुकडा आणि एक चेंडू यांचा दाखला दिला. चेंडूच्या निम्म्या परिघाएवढा व्यास असलेले गोल वस्त्र कापावे. ते चेंडूवर घातले की त्याचा अर्धा भाग झाकला जातो आणि वस्त्राला चुण्या पडतात. म्हणजे वस्त्र थोडे जास्तच झाले. या वस्त्राचे क्षेत्रफळ चेंडूच्या मधल्या वर्तुळाच्या सुमारे अडीच पट असते. तेव्हा सबंध चेंडूचे पृष्ठफळ त्या वर्तुळाच्या पाच पटींहून कमीच असले पाहिजे. ७ अंगुळे व्यासाचा चेंडू घेतला, तर परिघ सुमारे २२ आणि मधल्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे साडेअडतीस येते. लल्ल यांच्या नियमाने पृष्ठफळ ८४७ होईल. पण साडेअडतिसाची पाचपट दोनशेच्याही आतच आहे. एवढ्या एका दाखल्याने जुन्या नियमातील चूक उघडी पडली.

चूक दाखवून आचार्य थांबले नाहीत. खरे काय तेही त्यांनी सिद्ध केले. आवळ्यावर वरपासून खालपर्यंत जशा नैसर्गिक रेषा असतात, तशा गोलावर कल्पून त्यांनी त्याच्या पृष्ठाच्या फाकी पाडल्या. एका फाकीचे क्षेत्रफळ तुकड्यातुकड्यांनी काढून त्यांनी दाखवून दिले की गोलाचे पृष्ठफळ मधल्या वर्तुळाच्या बरोबर चौपट असते. परिघाला व्यासाने गुणले असता हेच फळ मिळते. त्या नियमाने त्यांनी पृथ्वीचे पृष्ठफळ ७८,५३,०३४ वर्ग योजने सांगितले. पुढे घनफळासाठी त्यांनी गोलाच्या पृष्ठावर लहान लहान चौकोन कल्पिले. प्रत्येक चौकोनापासून निघालेली सूची गोलाच्या मध्यबिंदूपाशी टोकाने टेकलेली आहे आणि अशा असंख्य सूचींनी सारा गोल भरलेला आहे, असे मानले. प्रत्येक सूचीची खोली म्हणजे गोलाची त्रिज्या. सूचीचे घनफळ समखाताच्या एकतृतीयांश असल्यामुळे सर्व सूची मिळून पृष्ठफळ गुणिले त्रिज्या, भागिले तीन एवढे घनफळ होते. म्हणजेच पृष्ठफळाला व्यासाने गुणून सहाने भागावयाचे. ७ अंगुळांच्या चेंडूचे पृष्ठफळ सुमारे १५४ वर्ग अंगुळे आणि घनफळ सुमारे १८० घन अंगुळे होते. जो विचार विहीर मोजण्यासाठी उपयोगी पडला, तोच असा गोलाच्या अंतरंगात शिरला.

नियम सांगावा आणि त्यामागील कारणही सांगावे, हा भास्कराचार्यांचा बाणा होता. या कारणाला उपपत्ती म्हणतात. आपल्या ग्रंथावर वासनाभाष्य नावाची टीका त्यांनी स्वतःच लिहिली, ती याच हेतूने. पूर्वसूरींविषयी त्यांच्या मनात आदर नव्हता असे मुळीच नाही. ब्रह्मगुप्त, श्रीधर, पद्मनाभ यांचे ऋण त्यांनी बीजगणितात मान्य केले आहे. परंतु आदर व्यक्तीचा करावा आणि निर्णय उपपत्तीने करावा, ही मर्यादा त्यांनी कधी सोडली नाही.

वार्धक्यातही त्यांची लेखणी थांबली नाही. इ. स. ११८३ मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांनी करणकुतूहल हा ग्रंथ रचला. पंचांग करणाऱ्यांना ग्रहांची स्थाने सुलभ रीतीने काढता यावीत, हा त्याचा उद्देश होता. पुढे त्यांचा पुत्र लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपाल याने आपल्या दरबारी नेले, आणि नातू चांगदेव हा सिंघण यादवाच्या पदरी मुख्य ज्योतिषी झाला. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून चांगदेवाने तेराव्या शतकाच्या आरंभी पाटण येथे एक मठ स्थापन केला. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावच्या नैर्ऋत्येस डोंगराच्या पायथ्याशी हे स्थान आहे. तेथील शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्यात या विद्वान घराण्याची वंशावळ कोरलेली आहे. लेखाच्या अखेरच्या भागात पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावरील काही उत्पन्न मठाला लावून दिल्याची नोंद जुन्या मराठी भाषेत आहे. गणिताचे अध्ययन चालावे म्हणून साध्या बाजारपेठेने उचललेला हा वाटा होता.

मठ काळाच्या ओघात नाहीसा झाला. परंतु ग्रंथ टिकले. इ. स. १५४५ मध्ये कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी लीलावतीवर बुद्धिविलासिनी नावाची टीका लिहून तिच्यातील नियमांच्या उपपत्ती दिल्या. इ. स. १५८७ मध्ये अकबर बादशहाच्या आज्ञेवरून फैजीने लीलावतीचे फारसीत भाषांतर केले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिची इंग्रजी भाषांतरे झाली. शतकानुशतके या देशातील असंख्य मुलांनी विहिरीचे, भिंतीचे आणि राशीचे घनफळ लीलावतीच्या आधारे काढले. सारा व्यवहार चोख व्हावा म्हणून भास्कराचार्यांनी नियम दिले. आणि तो नियम आपण सांगितला म्हणून नव्हे, तर तपासून पाहून खरा ठरला म्हणून स्वीकारावा, असा धडाही त्यांनी आपल्या आचरणाने घालून दिला.